चित्रही आणि संगणकही : एका पदवीच्या वाटेचा अभ्यास



आपल्या कामाला हातभार लावणारी मंडळी मला एक प्रश्न नेहमी विचारतात. "ताई, पाड्यावरची मुलं एवढी छान चित्रं काढतात, मग त्यांना संगणकाच्या मागे कशाला लावता? आणि संगणकच शिकवायचा असेल तर टायपिंग, टॅली शिकवा. लवकर नोकरी तरी लागेल." प्रश्न मायेने विचारलेला असतो. काही वर्षांपूर्वी मीही हाच प्रश्न विचारीत असे. चित्रकला आणि संगणकशास्त्र ही दोन्ही एकत्र शिकवणारी पदवी असते, ती आपल्याच उपनगरांतून घेता येते, आणि आदिवासी मुलांसाठी तिचे मोल काय, हे मला एका मुलीमुळे कळले. या अंकाच्या अभ्यासलेखात तेच आपल्यापुढे ठेवते.

ही मुलगी आरेतील एका पाड्यावरची, वारली समाजाची. तिचे, पाड्याचे आणि कॉलेजचे नाव तिच्याच इच्छेवरून देत नाही. अकरावीत असताना तिने काढलेले लग्नाच्या वरातीचे चित्र एका प्रदर्शनात दोनशे रुपयांना विकले गेले. आम्ही सगळे खूश झालो. सहा-सात महिन्यांनी बोरिवलीच्या एका दुकानात तिला कापडी पिशव्या टांगलेल्या दिसल्या. त्यांच्यावर तिचेच चित्र छापलेले होते. ते आपलेच, हे तिने एका कुत्र्यावरून ओळखले. घाईत तिने त्या कुत्र्याला तीनच पाय काढले होते, आणि पिशवीवरच्या कुत्र्यालाही तीनच पाय होते.

मला राग आला. दुकानदाराशी भांडायला निघाले. मुलगी मात्र पिशवी हातात धरून बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "ताई, माझं चित्र वहीच्या पानाएवढं होतं. त्यांनी एवढं मोठं केलं तरी रेघ फाटली नाही. हे कसं करतात ते मला शिकायचंय."

तिच्या या प्रश्नापासून आमचा अभ्यास सुरू झाला.

१. या पदवीत शिकवतात काय?

आधी तिच्या प्रश्नाचे उत्तर पाहू. मोबाइलने फोटो काढला की चित्राचे लाखो बारीक चौकोन होतात. प्रत्येक चौकोनाला एक रंग असतो आणि तो रंग संगणक तीन आकड्यांत लिहून ठेवतो : लाल, हिरवा, निळा. प्रत्येक आकडा ० ते २५५ यांच्या दरम्यान. तिन्ही २५५ असले की तांदळाच्या पिठासारखा पांढरा. लाल जास्त, हिरवा कमी, निळा त्याहून कमी ठेवत गेले की गेरूचा रंग येतो. असा फोटो फार मोठा केला की चौकोन दिसू लागतात आणि रेघ फाटते.

दुसरी पद्धत वेगळी आहे. रेघ कुठून निघाली, कुठे वळली, कुठे संपली, एवढेच गणित संगणक लक्षात ठेवतो आणि दर वेळी रेघ नव्याने काढतो. मग चित्र पोस्टकार्डावर छापा की भिंतीवर, रेघ स्वच्छच राहते. उपनगरांतल्या छपाईच्या दुकानांत मुले दिवसभर कोरल ड्रॉवर 'ट्रेसिंग' करीत बसलेली दिसतात, ते हेच काम. आमच्या मुलीच्या चित्राचेही कोणीतरी ट्रेसिंग केले होते.

वारली चित्र या दुसऱ्या पद्धतीला जणू तयारच आहे. माणसाचे धड म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, डोके म्हणजे वर्तुळ, लग्नाचा चौक म्हणजे चौकोन. त्रिकोणाचे तीन बिंदू सांगितले की संगणक त्रिकोण काढतो. हात वर केलेला एक बिंदू आणि खाली केलेला एक बिंदू सांगितला तर मधल्या जागा तो स्वतः मोजतो, आणि हात हलू लागतो. चित्रपटात एका सेकंदाला २४ चित्रे लागतात, म्हणजे एका मिनिटाला १,४४०. ही सगळी हाताने काढायची म्हटली तर महिने जातील. त्यातली कोणती हाताने काढायची आणि कोणती संगणकावर सोपवायची, हे ज्याला चित्र आणि गणित दोन्ही कळते तोच ठरवू शकतो.

म्हणून अशा पदवीत दोन बाजू असतात. एका बाजूला प्रोग्रामिंग, माहितीची मांडणी, संगणकीय ग्राफिक्स, थोडे गणित. दुसऱ्या बाजूला रेखाटन, रंग, अक्षरकला, ॲनिमेशन, त्रिमितीय आकृती, ध्वनी, मोबाइलच्या पडद्याची रचना. अभ्यासक्रमाचे नाव संस्थेनुसार बदलते. कुठे डिझाइनची पदवी असते आणि तिच्यात संगणक असतो, तर कुठे संगणकाची पदवी असते आणि तिच्यात ॲनिमेशन वा डिझाइनचे विषय असतात.

२. ही जोडी नवी नाही

"हे सगळं आजकालचं," असे कोणी म्हणेल. आपल्याच इतिहासातले उदाहरण पाहा. एकोणिसाव्या शतकात मुंबईत अमेरिकन मिशनचा छापखाना होता. तेथे टॉमस ग्रॅहम यांच्या देखरेखीखाली मराठीचे सुबक टाइप तयार होत. त्या छापखान्यात टाइप घासण्याच्या कामावर एक गरीब मुलगा होता. पुढे जावजी दादाजी म्हणून तो नावाजला. त्यांनी १८६४ साली टाइपांचा कारखाना काढला आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना सुरू केला. अक्षरे कोरणारे राणोजी रावजी आरू त्यांच्या सोबतीला होते. निर्णयसागरची सुंदर अक्षरे पुढे देशभर गेली. अक्षराचे वळण ही कला, आणि शिसे वितळवून ते वळण हजारो वेळा तसेच उमटवणे हे यंत्राचे ज्ञान. जावजी टाइप घासण्यावरच थांबले असते तर मिशनला एक चांगला मजूर मिळाला असता, इतकेच.

दुसरे उदाहरण आपल्या उपनगरांतले. सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी आधी जाहिरातीच्या क्षेत्रात काम केले, मग पवईला आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात, म्हणजे आयडीसीत, शिकवले. त्यानंतर जुहूच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात संगणकतज्ज्ञांबरोबर बसून त्यांनी भारतीय लिप्यांचे फाँट तयार केले. 'मंगल' हा विंडोजवरचा देवनागरी फाँट त्यांच्या हातचा. आपल्यापैकी ज्यांनी मंडळीची पत्रके संगणकावर टाइप केली आहेत, त्यांनी तो नक्की वापरला असेल.

यात संगणकाचे काय काम होते? 'कि' हे अक्षर घ्या. आपण आधी 'क' टाइप करतो, मग ऱ्हस्व वेलांटी. पण पडद्यावर वेलांटी 'क'च्या आधी उमटावी लागते. 'र्क' मध्ये 'र' आधी टाइप होतो आणि रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो. हे नियम संगणकाला कोणीतरी शिकवावे लागतात. वळण न कळणाऱ्या माणसाने नियम लिहिले तर अक्षर बेढब होते, आणि नियम न कळणाऱ्या चित्रकाराचे अक्षर संगणकावर उभेच राहत नाही. जोशी सरांनी दोन्ही सांभाळले. २००८ साली ते गेले. त्यांचे अक्षर आजही आपल्या कामात आहे.

तिसरे उदाहरण आदिवासी चित्रांचे, तेही पवईचेच. आयडीसीच्या प्राध्यापिका नीना सबनानी यांनी भिल्ल चित्रकार शेर सिंग यांच्यासोबत 'हम चित्र बनाते हैं' ही ॲनिमेशन फिल्म केली. भिल्ल लोक चित्रे का काढतात, याची त्यांच्यातली कथा त्यांच्याच चित्रशैलीत हलते-बोलते. २०१६ सालच्या चित्रपटांसाठी दिल्या गेलेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत तिला उत्कृष्ट ॲनिमेशनचा पुरस्कार मिळाला. या फिल्ममध्ये चित्रकार समाजातला होता आणि संगणकाची बाजू संस्थेने सांभाळली. ते चांगलेच झाले. पण पुढच्या पिढीत दोन्ही बाजू सांभाळणारी मुलगी पाड्यावरचीच का नसावी, असे मला वाटते.

निर्गमाच्या पुस्तकातल्या बसालेलाची आठवण येथे होते. सोने, लाकूड, रत्ने यांचे काम त्याला येत होतेच, शिवाय ते दुसऱ्यांना शिकवण्याची बुद्धीही त्याच्या मनात घातली होती. हाताचे कसब आणि बुद्धीचे काम तेथे वेगळे काढलेले दिसत नाही.

३. आपल्या उपनगरांतून वाटा कोणत्या?

पहिली वाट पवईची. आयडीसीची स्थापना १९६९ ची. डिझाइनमधली चार वर्षांची पदवी, बी.डेस., तेथे २०१५ पासून सुरू झाली. प्रवेशासाठी 'यूसीड' ही परीक्षा जानेवारीत असते. बारावी कोणत्याही शाखेतून चालते, हे पुष्कळ पालकांना माहीत नसते. परीक्षेचा एक भाग संगणकावर असतो, तर दुसऱ्या भागात कागदावर रेखाटन करावे लागते. अनुसूचित जमातीसाठी साडेसात टक्के जागा राखीव असतात, परीक्षेची फी कमी असते, आणि आयआयटीत या विद्यार्थ्यांचे शिक्षण शुल्क माफ असते. वसतिगृह आणि मेसचा खर्च उरतो. खरी अडचण भाषेची आहे, कारण प्रश्नपत्रिका इंग्रजीत असते. मराठी माध्यमातल्या मुलाने ऐन वेळी तयारी करून भागत नाही. अकरावीपासूनच रोज थोडे इंग्रजी वाचायला लावावे लागते.

दुसरी वाट मुंबई विद्यापीठाच्या कॉलेजांची. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या पट्ट्यात बी.एस्सी. संगणकशास्त्र किंवा माहिती तंत्रज्ञान शिकवणारी कॉलेजे बरीच आहेत. बहुतेक ठिकाणी बारावीला गणित असावे लागते. बीसीएसाठी २०२४ पासून राज्याची सीईटी द्यावी लागते. नव्या शैक्षणिक धोरणामुळे एक सोय झाली आहे. मुख्य विषय संगणक ठेवून दुसऱ्या विद्याशाखेतले विषयही घेता येतात. मात्र कोणते विषय मिळतील हे कॉलेजवर अवलंबून असते, म्हणून अर्ज भरण्याआधी विषयांची यादी मागून वाचावी. याच धोरणानुसार एक वर्ष पूर्ण करून थांबावे लागले तर ठरलेल्या अटींवर प्रमाणपत्र मिळते, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी आणि चार वर्षांनी ऑनर्स. ज्या घरात वडिलांचे आजारपण किंवा बहिणीचे लग्न आले की मुलांचे शिक्षण तुटते, त्या घरांसाठी ही गोष्ट मोठी आहे.

तिसरी वाट कला महाविद्यालयाची. तेथे उपयोजित कला शिकून संगणकाची बाजू नंतर वाढवता येते. त्यासाठी राज्याची वेगळी सीईटी असते. आणि गोरेगावच्या चित्रनगरीत ॲनिमेशन, गेमिंग यांसाठी केंद्र सरकारची 'इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज' ही संस्था उभी राहणार आहे. तिचे काम २०२५ मध्ये दक्षिण मुंबईतल्या जागेतून सुरू झाले. आरेचे पाडे चित्रनगरीला लागूनच आहेत. आपल्या मुलांनी त्या फाटकातून कोणत्या कामासाठी आत जायचे, याची तयारी आजपासून करावी लागेल.

४. आमच्या हातून झालेल्या चुका

आता थोडे आमच्या चुकांबद्दल. लपवण्यात अर्थ नाही, कारण त्या तुमच्याकडूनही होतील.

पहिली चूक घाईची. बारावीनंतर एका खासगी क्लासने ॲनिमेशनच्या 'डिग्री'ची जाहिरात दिली होती. वातानुकूलित वर्ग, भिंतीवर सिनेमांची पोस्टरे. मी भारावून गेले आणि मदतनिधीतून दोन हप्ते भरले. काही महिन्यांनी कळले की मिळणार ते क्लासचे स्वतःचे प्रमाणपत्र. कोणत्याही विद्यापीठाची पदवी नाही, त्यामुळे सरकारी शिष्यवृत्तीही नाही. पैसे परत मिळाले नाहीत. मुलीचे एक वर्ष गेले. तिने मला एका शब्दाने दोष दिला नाही, पण घरी तिच्या लग्नाची बोलणी सुरू झाली होती. त्या वर्षाची किंमत तिने काय मोजली असती, हे मला रात्री झोपू देत नसे.

तेव्हापासून आम्ही तीन गोष्टी लेखी विचारतो. पदवी कोणत्या विद्यापीठाची? त्या विद्यापीठाला विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता आहे का? आणि ती संस्था व तो अभ्यासक्रम महाडीबीटीच्या यादीत आहे का? उत्तर तोंडी दिले तर आम्ही उठून येतो.

दुसरी चूक कागदपत्रांची. जातीचा दाखला आहे म्हणजे झाले, असे आम्ही समजलो. पण राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा तर जमात पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्रही लागू शकते. त्यासाठी वडिलांचे, आजोबांचे जुने पुरावे गोळा करावे लागतात. ज्यांचे आजोबा कधी शाळेतच गेले नाहीत, त्यांनी शाळेचा दाखला कुठून आणायचा? जुने महसुली कागद, नातेवाइकांची वैधता प्रमाणपत्रे शोधण्यात महिने जातात. हा अर्ज अकरावीतच करावा.

तिसरी चूक गणिताची. "तिला गणित जड जातं, सोडू दे," असे मी अकरावीत म्हणाले होते. तिच्या कॉलेजातल्या एका बाईंनी ते होऊ दिले नाही. त्या बाईंचे उपकार आहेत.

५. खर्च आणि साधने

अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते. त्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असावे लागते. अर्ज महाडीबीटीवर करायचा, आणि बँकेचे खाते आधारशी जोडलेले असावे लागते. ज्यांना शासकीय आदिवासी वसतिगृहात जागा मिळत नाही त्यांच्यासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. तिच्यात राहण्या-जेवणाची रक्कम खात्यात जमा होते. या योजना चांगल्या आहेत, पण पैसे येण्यास उशीर होऊ शकतो. कॉलेजची परीक्षा फी, रेल्वेचा पास, प्रिंट काढण्याचा खर्च मात्र आजच द्यावा लागतो. मदत करणाऱ्यांनी हा मधला काळ सांभाळला तरी पुष्कळ होते.

संगणकाबद्दल एक गैरसमज आहे की महागडे सॉफ्टवेअर लागते. चित्रासाठी क्रिटा, रेघांच्या कामासाठी इंकस्केप, त्रिमितीय ॲनिमेशनसाठी ब्लेंडर ही सर्व मोफत मिळतात. 'फ्लो' हा लॅटव्हियाचा ॲनिमेशनपट ब्लेंडरवर तयार झाला आणि २०२५ मध्ये त्याला ऑस्कर मिळाले. कलाकारांना प्रोग्रामिंग सोपे जावे म्हणून २००१ साली सुरू झालेली 'प्रोसेसिंग' नावाची भाषाही मोफत आहे. चोरून घेतलेले सॉफ्टवेअर मुलांच्या हाती देऊ नका. त्यांच्या चित्राची चोरी झाली तर आपल्याला राग येतो, मग आपणही तेच कसे करावे?

लॅपटॉप जुना चालतो. आमच्या मुलीचा लॅपटॉप मंडळीतल्या एका काकांच्या ऑफिसातून काढून टाकलेला होता. त्यात मेमरी वाढवून घेतली. बसायला शांत जागा मिळणे अधिक कठीण होते. पाड्यावरच्या एका खोलीत सहा माणसे राहतात. शेवटी आम्ही उपासनागृहाच्या मागची खोली आठवड्यातून चार संध्याकाळी उघडी ठेवली. पंखा, दोन टेबले, इंटरनेट. आता तेथे पाच मुले बसतात.

६. आजीने काढलेली चूक

आमच्या मुलीने यूसीड दिली. निवड झाली नाही, इंग्रजीत मागे पडली. ती रडली, मग एका उपनगरी कॉलेजात बी.एस्सी.ला गेली. आज ती दुसऱ्या वर्षाला आहे. मागच्या सत्रात प्रकल्प करायचा होता. तिने तारपा नाच निवडला.

मधोमध तारपा वाजवणारा, भोवती बारा बायका. वर्तुळाचे ३६० अंश, बारा जणी, म्हणजे दर ३० अंशांवर एक. दहावीत परीक्षेपुरते पाठ केलेले साइन-कोसाइन येथे कामाला आले, कारण प्रत्येकीची जागा त्यांनीच काढायची होती. तिने एक बाई नीट काढली, डोक्यामागे अंबाड्याचे छोटे वर्तुळ दिले, आणि तीच आकृती बारा ठिकाणी ठेवली. कळ दाबली की बायका फिरू लागत. प्रकल्प पाहून वर्गात सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

घरी जाऊन तिने आजीला दाखवले. आजीने थोडा वेळ पाहिले आणि विचारले, "ह्या बाया तारप्याकडे पाठ करून काय नाचतात?"

तारपा वाजवणाऱ्याकडे पाठ करायची नाही, हा नाचाचा रिवाज. मुलीने एकच आकृती न वळवता सगळीकडे ठेवली होती. त्यामुळे अर्ध्या जणींचे तोंड मध्याकडे होते आणि अर्ध्या जणींचे अंबाडे. कॉलेजात कोणाला हे दिसले नाही, आणि दिसणारही नव्हते. मलाही दिसले नव्हते. त्या रात्री तिने प्रत्येक बाईला तिच्या जागेच्या अंशाइतके वळवले. प्रोग्राममध्ये एकच ओळ वाढली. दुसऱ्या दिवशी आजीने पुन्हा पाहिले आणि मान डोलावली. शेजारच्या बाया बोलावून आणल्या.

हा प्रसंग मला या अभ्यासाचे सार वाटतो. बाहेरच्या माणसाने तो प्रोग्राम लिहिला असता तर पाठमोऱ्या बायकाच जगभर फिरल्या असत्या, आणि आजीला कोणी विचारले नसते. विचारण्यासाठी आजीच्या घरातलेच कोणीतरी शिकलेले असावे लागते. आणि शिकलेल्या मुलीने आजीला दाखवण्याइतके घराशी नातेही ठेवावे लागते.

७. चित्र कोणाचे?

पिशवीची गोष्ट अर्धवट राहिली होती. आता आम्हाला थोडा कायदा कळला आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्र काढताक्षणी त्याचा हक्क चित्रकाराकडे येतो. त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही, आणि हा हक्क हयातभर व त्यानंतर साठ वर्षे राहतो. चित्र विकले म्हणजे कागद विकला; तो हक्क वेगळा लिहून दिल्याशिवाय छापण्याची परवानगी आपोआप जात नाही. वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. त्यासाठी डहाणू भागातल्या आदिवासी युवा सेवा संघाने प्रयत्न केले. जिव्या सोमा मशे यांनी ही कला पाड्यावरच्या भिंतीवरून जगभर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. त्यांच्यामागून येणाऱ्या मुलांनी कला जपायची, आणि तिचा हिशेबही स्वतःच्या हाती ठेवायला शिकायचे आहे.

दुकानदाराला आम्ही पत्र लिहिले. त्याने पिशव्या काढून टाकल्या. भरपाई दिली नाही. मुलगी आता आपले चित्र विकताना सोबत एक छोटा कागद देते : चित्र भिंतीवर लावण्यासाठी आहे, छापायचे असल्यास विचारावे. तो कागदही तिने स्वतःच संगणकावर केला आहे. कोपऱ्यात तीन पायांचा कुत्रा काढला आहे.

मंडळीत चर्चेसाठी

१. आपल्या मंडळीत किंवा ओळखीच्या पाड्यावर चित्र काढणारे, गणितही न सोडलेले मूल कोण आहे? त्याच्याशी शेवटचे कधी बोललो?

२. मदत करताना आपण लवकर नोकरी लागेल असेच कोर्स सुचवतो का? चार वर्षे सोबत करण्याची आपली तयारी आहे का?

३. उपासनागृहातली एखादी खोली संध्याकाळी अभ्यासासाठी उघडता येईल का? किल्ली कोण सांभाळील?

४. ऑफिसात पडून असलेला चालू लॅपटॉप, इंग्रजी किंवा गणित शिकवणारा निवृत्त शिक्षक, वैधता प्रमाणपत्राचे काम माहीत असलेला माणूस, यांपैकी आपल्याकडे काय आहे?

५. आपल्या नाताळच्या कार्डावर किंवा पत्रकावर वारली चित्र छापले असेल, तर ते कोणाचे होते हे आपल्याला माहीत आहे का?

शेवटचा प्रश्न मी आधी स्वतःला विचारला. दोन वर्षांपूर्वीच्या आमच्या कार्डावरचे चित्र इंटरनेटवरून घेतले होते, हे मला आठवले. यंदाचे कार्ड आमची मुलगी करणार आहे. तिने मानधन सांगितले, कोषाध्यक्षांनी ते मान्य केले, आणि पावतीवर तिने सही केली.

आपली नम्र,
एक सहकारी भगिनी